नायट्रिक ऑक्साइड आणि हिमोग्लोबिनवरचा ऑक्सिजन

हिमोग्लोबिनमधल्या लोहाला ऑक्सिजन चिकटला की द्रावण लालभडक दिसते. त्यात नायट्रिक ऑक्साइड सोडला की ते तपकिरी होते. हा बदल साध्या डोळ्यांनाही दिसतो, पण तो योग्य कारणाने झाला का, हे ओळखायला काळजी लागते.

सुरुवात हिमोग्लोबिनपासून करू. बाटलीतली विकतची पूड बहुतांशी आधीच ऑक्सिडीकृत झालेली असते. तिला मेटहिमोग्लोबिन म्हणतात. या रूपातले लोह ऑक्सिजन धरू शकत नाही. म्हणून आपण सोडियम डायथायोनाइट घालून लोह पूर्वरूपात आणतो, स्तंभातून गाळून डायथायोनाइट काढतो आणि मग हवा लागू देतो. इथे घाई नडते. डायथायोनाइट थोडे जरी उरले, तरी पुढे तयार होणारे तपकिरी रूप ते परत बदलून टाकते.

आता स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे कोणता प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारे यंत्र, लावून पाहावे. ५४१ आणि ५७७ नॅनोमीटरला दोन ठळक शिखरे हवीत. ६३० जवळ उंचवटा दिसला, तर नमुना आधीच बिघडलेला आहे.

पुढची पायरी नायट्रिक ऑक्साइडच्या द्रावणाची, आणि बहुतेक प्रयोग इथेच फसतात. हा वायू विषारी आहे, म्हणून काम फ्यूम हूडखालीच करावे. तो आधी अल्कलीच्या द्रावणातून नेऊन त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड काढावा, मग ऑक्सिजन पूर्ण हाकललेल्या पाण्यात विरघळवावा. २५ अंशांना संपृक्त द्रावण सुमारे २ मिलिमोलर होते. अशा तीव्र द्रावणात हवा शिरली, तर वायू सेकंदाभरात नायट्राइट होऊ लागतो. सिरिंजमधला एक बुडबुडाही पुरतो.

मात्र हिमोग्लोबिनच्या भांड्यात हवा चालते. मोकळ्या ऑक्सिजनशी होणाऱ्या अभिक्रियेचा वेग नायट्रिक ऑक्साइडच्या तीव्रतेच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे १ मायक्रोमोलरला ती मिनिटे घेते. लोहावरच्या ऑक्सिजनशी होणारी अभिक्रिया मिलिसेकंदांत उरकते. उलट, ऑक्सिजन काढण्याच्या हौसेने हिमोग्लोबिनच्या द्रावणातून आर्गॉन फार वेळ सोडला, तर लोहावरचाही ऑक्सिजन निघून जातो. रिकाम्या लोहाला नायट्रिक ऑक्साइड थेट घट्ट चिकटतो आणि आपण भलतीच अभिक्रिया मोजत बसतो.

मिसळल्यावर काय घडते? लोहावरच्या ऑक्सिजनला नायट्रिक ऑक्साइड जोडला जातो. त्यातून क्षणभर लोहाला बांधलेला परॉक्सिनायट्राइट बनतो असे मानतात. मोकळा असता तर हा दाहक ऑक्सिडीकारक ठरला असता. पण लोहावरच त्याची पुनर्रचना होऊन निरुपद्रवी नायट्रेट सुटते. मागे उरते मेटहिमोग्लोबिन.

सामू ७.४ च्या आसपास ठेवावा. ८ च्या वर गेल्यास मेटहिमोग्लोबिनचा ६३० चा पट्टा क्षीण होतो आणि अभिक्रिया अर्धवट राहिल्यासारखे वाटते.

शेवटी द्रावणात नायट्राइट तपासावे. ग्रीस चाचणी थेट नायट्राइटच दाखवते. नायट्रेटसाठी आधी त्याचे क्षपण करावे लागते. नायट्राइट भरपूर आढळले, तर वायू वाटेत हवेशी लागला असे समजावे. हे फसवे असते, कारण नायट्राइटही हिमोग्लोबिन तपकिरी करते, पण सावकाश. म्हणून रंग ताबडतोब बदलला की काही मिनिटांनी, याची नोंद ठेवावीच.

फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेल्या नवजात बाळांना हाच वायू अत्यल्प प्रमाणात श्वासातून देतात. तेव्हा रक्तात हीच अभिक्रिया चालते, आणि मेटहिमोग्लोबिन पूर्ववत करणारे विकर बाळांत कमी असते. म्हणून उपचार चालू असताना त्याची पातळी वारंवार मोजतात.