घोड्याचा घसा, मालकाची घालमेल
धावताना तुमच्या घोड्याचा श्वास करवतीसारखा घरघरतोय? रेसकोर्सच्या भाषेत तो ‘रोअरर’! गळ्यातली डावी नस दुबळी पडली की स्वरयंत्राची त्या बाजूची झडप नीट उघडत नाही. त्यात घोडा तोंडानं श्वास घेऊच शकत नाही, दम लागणारच.

उपाय? १९७० पासूनची ‘टाय-बॅक’ सर्जरी. झडप टाक्यानं कायमची उघडी बांधायची. पण बॉस, हीच झडप घास श्वासनलिकेत जाऊ देत नाही! म्हणजे नंतर खोकला, कधी न्यूमोनियाही. टाका सैल पडतो, ते वेगळंच.

म्हणून आधी धावत्या घोड्याची एंडोस्कोपी करा. रेस धावायचीय? सर्जरीचा विचार जरूर करा. वीकएंडला नुसती रपेट? मग घरघर बहुधा आपल्याच कानांना खुपते. राहू द्या!