संगणकाचे जाळे आणि किल्लीचा प्रश्न

हल्ली कोणत्याही कचेरीत जावे आणि जुना कागद मागावा, तर उत्तर मिळते, “तो आता क्लाऊडवर आहे.” सांगणारा वर बोट दाखवीत नाही एवढेच, पण ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की, आपली नोंद कोठेतरी अंतराळात तरंगत आहे आणि हवी तेव्हा पावसासारखी खाली येईल. प्रत्यक्षात आकाशात काहीही नसते. ऐरोलीला किंवा महाप्याला जाऊन पाहावे. तेथे मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. आत संगणकांच्या रांगाच रांगा आहेत, त्यांना अहोरात्र वीज लागते, थंडावा लागतो आणि दारावर पहारेकरी लागतो. क्लाऊड म्हणतात तो हाच. दुसऱ्याच्या मालकीचा, दुसऱ्याच्या इमारतीतला, आपण भाड्याने वापरतो तो संगणक.

मग हे ढगाचे नाव आले कोठून? दूरध्वनीचे व संगणकाचे अभियंते जाळ्याचा नकाशा काढीत, तेव्हा ज्या भागाचा आतला तपशील त्या कामापुरता पाहण्याची गरज नसे, तेथे ते ढगासारखी एक आकृती काढीत. या ढगात इकडून संदेश जातो, तिकडून बाहेर पडतो. मध्ये काय घडते ते तूर्त विचारू नका, असा तिचा अर्थ. अभियंत्याच्या सोयीसाठी ही युक्ती ठीक होती. परंतु तीच आकृती जेव्हा व्यापाराचे नाव बनते, तेव्हा ‘आत काय आहे ते विचारू नका’ हा भागही तिच्याबरोबर येतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. करारातले जे कलम वाचू नका म्हणून सांगितले जाते, तेच आधी वाचावे, ही सवय आम्हांला या कामाने लावली आहे. म्हणून या ढगाच्या आत डोकावण्याचा हा प्रयत्न.

प्रथम इतिहास पाहू. संगणकाच्या आरंभकाळी यंत्र एक आणि वापरणारे अनेक, अशी स्थिती होती. आपल्याकडे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हे यंत्र १९६० साली चालू झाले. त्याने एक मोठा दालनभर जागा व्यापली होती. असे यंत्र कोण विकत घेणार? म्हणून ते वाटून वापरण्याची कल्पना निघाली. १९६१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत फर्नांदो कॉर्बातो यांनी एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत चालवून दाखविली. यंत्र प्रत्येकाला क्षणाचा अंश देई आणि इतक्या झपाट्याने फिरे की, प्रत्येकाला वाटे यंत्र आपल्याच चाकरीत आहे. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी भाकीत केले की, पुढेमागे गणनशक्ती दूरध्वनीप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून विकली जाईल. म्हणजे क्लाऊडची मूळ कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. ती नवी म्हणून विकली जाते हा भाग वेगळा.

याच सुमारास दुसरा विचार उलट दिशेने वाढत होता. अमेरिकेतील रँड या संस्थेत पॉल बॅरन यांना प्रश्न पडला की, अणुयुद्धात मध्यवर्ती ठाणे उद्ध्वस्त झाले तर संदेशवहन कसे टिकावे? १९६४ साली त्यांनी सविस्तर मांडलेले उत्तर असे की, मध्यवर्ती ठाणे ठेवूच नये. ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे, तारा काटकसरीने वापरता याव्यात या हेतूने, तीच युक्ती काढली आणि तिला ‘पॅकेट’ हे नाव दिले. ही युक्ती टपालाच्या उदाहरणाने कळेल. एक जाड ग्रंथ पुण्याहून नागपूरला पाठवायचा आहे. तो एका गाठोड्यात न बांधता त्याची पाने निरनिराळ्या पोस्टकार्डांवर उतरवली, प्रत्येकावर पत्ता व अनुक्रमांक घातला आणि मिळेल त्या गाडीने रवाना केली. काही मनमाडवरून गेली, काही दौंडवरून. एक मार्ग बंद पडला तर कार्डे दुसऱ्या मार्गाने गेली; हरवले ते कार्ड पुन्हा मागविले. नागपूरला अनुक्रमांक लावून ग्रंथ पुरा झाला. आजचे सारे इंटरनेट याच रीतीने चालते.

या रीतीवर अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशाने अर्पानेट उभे राहिले. त्याचा प्रत्यक्ष हेतू मात्र युद्धाचा नव्हता. दूरदूरच्या संशोधकांना एकमेकांचे महागडे संगणक वापरता यावेत, हा होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड येथील संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा कोलमडली. त्या वर्षअखेर जाळ्यात चार संगणक होते. पुढे १९७४ साली व्हिंट सर्फ व बॉब कान यांनी निरनिराळी जाळी एकमेकांशी बोलू शकतील असे सामाईक नियम मांडले आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट त्या नियमांवर चालू लागले. या नियमांचा गुण असा की, ते पाळणारा कोणीही जाळ्यात सामील होऊ शकतो. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी वेबची योजना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाच्या सर्न या संस्थेने ती जगाला विनामूल्य खुली केली.

इकडे यंत्रही लहान झाले. १९७१ साली एका चकतीवर मावणारा संस्कारक बाजारात आला आणि १९८१ साली आय.बी.एम.ने टेबलावर मावणारा संगणक विकायला काढला. यंत्र आपल्या टेबलावर, कागद आपल्या कपाटात, आणि जाळे कोणा एकाचे नाही, अशी ही घडण झाली. आपल्याकडील उदाहरण रेल्वेच्या आरक्षणाचे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथे स्वतंत्र यंत्रणा होत्या. १९९९ पर्यंत त्या पाचही एकमेकींशी जोडल्या गेल्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुले केले होतेच.

मग २००६ साली ॲमेझॉन कंपनीने आपल्या संगणकांवरील साठवण व गणनशक्ती वापराच्या हिशेबाने भाड्याने देण्यास आरंभ केला. इतर कंपन्या मागोमाग आल्या. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली केंद्रे उघडली. साठ सालची भाड्याची कल्पना परतली. फरक इतकाच की, या वेळी यंत्र आपल्या गावी नव्हते आणि भाडेकरू लाखोंनी होते.

याचे फायदे खरे आहेत व ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परीक्षेचा निकाल वर्षातून एक दिवस लागतो. त्या एका दिवसासाठी शंभर यंत्रे विकत घेऊन उरलेले वर्ष धूळ खात ठेवणे शहाणपणाचे नाही. ती दिवसापुरती भाड्याने घ्यावीत. लहान कारखानदाराला भांडवल गुंतवावे लागत नाही. वाकबगार माणसे देखभाल करतात.

या व्यवस्थेचे समर्थक नेहमी विजेचा दाखला देतात. १९१५ साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली, तेव्हा गिरण्यांनी हळूहळू आपापली वाफेची इंजिने मोडीत काढली. प्रत्येक गिरणीने स्वतःचा बाष्पक का बाळगावा? तसेच प्रत्येकाने स्वतःचा संगणक का बाळगावा? प्रश्न बिनतोड वाटतो. पण येथेच घोडे पेंड खाते. वीज तारेतून गिरणीत येते आणि साचे चालवून संपते. गिरणीचे कापड, तिची हिशेबवही, तिचे हजेरीपुस्तक खोपोलीला जाऊन बसत नाही. उद्या वीजपुरवठा दुसऱ्याकडून घेतला तर बिल चुकते करावे, संबंध संपला. क्लाऊडमध्ये आपण शक्ती आणतो आणि त्याबरोबर आपली चोपडी त्यांच्या तिजोरीत नेऊन ठेवतो. शिवाय विजेचा दर ठरवायला आज नियामक आयोग आहे, त्यापुढे ग्राहकाला म्हणणे मांडता येते. या भाड्याचा दर कोणापुढे मांडावा?

१९७८ साल आणि २०२५ साल यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७८ साली आय.बी.एम.ने सरकारशी मालकीच्या अटींवर मतभेद झाल्याने भारतातील कारभार गुंडाळला. तिची यंत्रे देशभर भाड्याने चालत होती. अडचण झाली, परंतु यंत्रे आणि नोंदींची कार्डे ग्राहकांच्याच इमारतीत होती. सी.एम.सी. या सरकारी कंपनीने देखभाल हाती घेतली आणि काम चालू राहिले. आता जुलै २०२५ पाहा. गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर, तिच्यात रशियन भागीदारी असल्यामुळे, युरोपीय संघाने निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल वगैरे सेवा बंद केली. पैसे भरलेले असूनही आपल्याच माहितीपर्यंत आपल्याला पोहोचता येत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली. नायराची बाजू घेण्याचे आम्हांला कारण नाही. पण भारतातल्या कारखान्याच्या टपालाला कुलूप लावायचे की नाही, हे परदेशात ठरले. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

इतर दाखले असे. २००९ साली ॲमेझॉनने वाचकांनी विकत घेतलेल्या एका कादंबरीच्या प्रती, विक्रीच्या हक्काची तक्रार आल्यावर, वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत केले, पण दुकानदार घरात शिरून पुस्तक नेऊ शकतो हे सिद्ध झाले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे एका कंपनीची संगणकांची इमारत जळाली. ज्या ग्राहकांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती त्यांची माहिती कायमची गेली. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील ॲमेझॉनच्या केंद्रात पत्त्यांच्या नोंदीचा घोटाळा झाला आणि ब्रिटनमधल्या बँकांपर्यंत सेवा अडकल्या. बॅरन यांनी मध्यवर्ती ठाणे नको म्हणून जे जाळे कल्पिले, त्याच जाळ्यावर आपण नवी मध्यवर्ती ठाणी उभारली आहेत. तारा अजून अनेक आहेत. तिजोऱ्या मात्र मूठभर झाल्या.

यावर कोणी म्हणेल, घरच्या संगणकालाही आग लागते आणि चोरही येतो. हे खरे आहे. २००८ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी क्लाऊडला सापळा म्हटले आणि सर्वांनी आपले काम आपल्याच यंत्रावर करावे असा आग्रह धरला. तितके टोक आम्ही गाठत नाही. घरची एकच प्रत ही सुद्धा बेफिकिरीच. प्रश्न यंत्र कोठे आहे एवढाच नाही. किल्ली कोणाकडे आहे आणि ती परत मागता येते का, हा आहे.

कामगारांना हा प्रश्न रोज भेटतो. पूर्वी वेतनाचा तंटा झाला की, हजेरीपुस्तक टाइमकीपरच्या टेबलावरून उचलून अधिकाऱ्यापुढे ठेवता येई. अलीकडे एका कारखान्यात जादा कामाच्या तासांचा वाद निघाला, तेव्हा व्यवस्थापनाने आम्हांला सांगितले की, जुन्या नोंदी सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे होत्या आणि तिचा करार संपला आहे. नोंद खोटी होती असे कोणी म्हटले नाही. ती कोणाच्याच हाती नव्हती. चाळीस माणसांचे तास त्यात होते. आमच्या आधीच्या पिढीने विमा कचेऱ्यांत संगणकाला विरोध केला, १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांनी कोणत्या कामाला यंत्र लावावे याच्या मर्यादा करारात लिहून घेतल्या. त्या मर्यादांविषयी मतभेद असू शकतो. पण तेव्हा यंत्र खोक्यातून फाटकात येई आणि सर्वांना दिसे. म्हणून चर्चा झाली. क्लाऊडला खोके नाही. तो बिनबोभाट येतो, आणि चर्चा होतच नाही.

उपाय काय? युरोपीय संघाने १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू केलेल्या कायद्याने ग्राहकाला एका क्लाऊडवरून दुसऱ्यावर जाण्याचा हक्क दिला असून, जाण्याचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून बंद व्हायचे आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात व्यक्तीला आपली माहिती बरोबर नेण्याचा हक्क होता; २०२३ च्या कायद्यात तो राहिला नाही. तो मागण्याचे काम नागरिकांचे आहे.

तोपर्यंत करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. आमच्या नोंदींची पुरी प्रत आमच्या हाती दरमहा मिळेल काय? ती दुसऱ्या कोणाच्याही यंत्रावर उघडेल अशा स्वरूपात असेल काय? सोडून जाताना किती पैसे आणि किती दिवस लागतील? तंटा झाला तर कोणत्या देशाचे न्यायालय? आमच्या संघटनेत सभासदांची नोंद भाड्याच्या यंत्रावर आहे. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिची प्रत कचेरीतल्या संगणकावर उतरते आणि वर्गणीचे पुस्तक कागदावर छापले जाते. त्यास फारसा खर्च येत नाही. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावे लागले, तरी घरात एक भरलेला हंडा असावा.

आपल्यापैकी बहुतेकजण कोणत्या ना कोणत्या पतसंस्थेचे, गृहनिर्माण संस्थेचे किंवा वाचनालयाचे सभासद आहेत. त्या साऱ्यांचे हिशेब आज ना उद्या या ढगात जाणार, किंवा गेलेलेही असतील. यंदाच्या वार्षिक सभेत अहवाल मंजूर करण्यापूर्वी उठून हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत.