वीस तुडतुडे आणि एक कोळी : शेतीशाळेच्या एका सत्राचे नियोजन

रायपूर परिसरातील शेतकरी ज्या किडीला ‘भुरा माहो’ म्हणतात, ती म्हणजे भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात सुपरिचित असलेला तपकिरी तुडतुडा. धानाच्या बुंध्याशी, पाण्याच्या थोडे वर बसून तो रस शोषतो. प्रादुर्भाव वाढला की बांधीत गोलाकार करपलेले चट्टे दिसू लागतात. या किडीवरील प्रशिक्षण वर्ग बहुधा एकाच साच्यात पार पडतो. आर्थिक नुकसानीची पातळी फलकावर लिहिली जाते, कीटकनाशकाचे नाव व मात्रा सांगितली जाते आणि उपस्थित मंडळी ती वहीत उतरवून घेतात. शंका क्वचितच विचारल्या जातात. वहीतील आकडा बांधावर कसा वापरायचा, हे मात्र शिकवायचे राहून जाते.

वास्तविक त्या आकड्यातच विचार करण्याची मागणी दडलेली आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार भक्षक कोळी नसतील तर फुटव्यामागे १ तुडतुडा ही नुकसानीची पातळी मानावी. चुडामागे १ कोळी असेल तर हीच पातळी फुटव्यामागे २ तुडतुडे धरावी. समजा, दोन बांध्यांत प्रत्येक चुडाला सरासरी १५ फुटवे व २० तुडतुडे आहेत. पहिल्या बांधीत कोळी नाहीत, दुसरीत चुडामागे एक आहे. पहिलीत पातळी १५ ठरते आणि ती ओलांडलेली आहे; दुसरीत ती ३० असल्याने अद्याप अवकाश आहे. एकच किडीची संख्या, एकच नियम, तरी निर्णय भिन्न आणि दोन्ही योग्य. चिकित्सक विचाराचा वर्ग योजताना असाच प्रश्न मध्यवर्ती ठेवावा लागतो. ज्याचे उत्तर केवळ पाठांतराने देता येते, त्यावर गटचर्चा घडवून आणणे हा निव्वळ उपचार ठरतो.

शेतीशाळेचा जन्मही याच किडीच्या निमित्ताने झाला. इंडोनेशियात अतिरेकी फवारणीमुळे नैसर्गिक शत्रू नष्ट होऊन तुडतुड्यांचे उद्रेक होऊ लागले, तेव्हा १९८६ मध्ये तेथील शासनाने धानावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. तथापि बंदीने शेतकऱ्याच्या हाती निर्णयशक्ती येत नाही. १९८९ मध्ये अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने मध्य जावामध्ये पहिल्या शेतीशाळा भरल्या, त्या ही उणीव भरून काढण्यासाठी. वर्ग शेतात भरवायचा, संपूर्ण हंगामभर चालवायचा आणि पीक हेच पाठ्यपुस्तक मानायचे, अशी ती कल्पना होती.

सत्राचे नियोजन करताना प्रशिक्षकाने प्रथम दिवसाचा निर्णय निश्चित करावा : ‘आज या बांधीत फवारणी करावी का?’ सकाळी पाच-पाच जणांच्या गटांनी बांधीत ठिकठिकाणचे २० चूड तपासावेत. फुटवे, तुडतुडे, कोळी, मिरीड ढेकूण, पाण्याची पातळी यांची नोंद घ्यावी. त्यानंतर मोठ्या कागदावर चित्र काढावे. मध्यभागी धानाचा चूड, डावीकडे किडी, उजवीकडे त्यांचे नैसर्गिक शत्रू, वर सूर्य किंवा ढग. चित्र काढणे काहींना पोरखेळ वाटतो. परंतु जे काळजीपूर्वक पाहिले नाही ते काढता येत नाही, आणि चर्चेत बोट ठेवण्यासाठी कागद समोर असला की आवाज चढवून वाद जिंकता येत नाही.

या वेळी प्रशिक्षकाने किडीचे नाव सांगण्याची घाई करू नये. ‘हा कोणता कीटक?’ या प्रश्नाला ‘तो काय करताना दिसला?’ हा प्रतिप्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. कोळी तुडतुडे खातो हे शेतकऱ्याला ऐकून ठाऊक असते. ते तपासण्यासाठी धानाच्या दोन कुंड्या पुरतात. दोन्हींत सारखेच तुडतुडे सोडून जाळी बांधावी आणि एकीतच कोळी ठेवावा. दुसऱ्या दिवशी मोजणी करावी. कोळी नसलेली कुंडी अनेकदा अनावश्यक म्हणून गाळली जाते. मग तुडतुडे कोळ्याने खाल्ले की ते आपोआप मेले, हे सांगणार कसे? तुलनेची ही शिस्त अंगी बाणली की विक्रेत्याच्या दाव्यालाही हाच प्रश्न विचारला जातो.

इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या रायपूर येथील संग्रहात धानाचे २३ हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. त्यांतील स्थानिक वाण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून, तुलना करून, निवडून जोपासले. निरीक्षण ही शेतकऱ्याला शिकवण्याची नवी गोष्ट आहे, असे मानणे म्हणूनच उद्धटपणाचे होईल. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात येणाऱ्या विद्यार्थ्यांना गटांत विखरून बसवावे. विद्यार्थ्याकडे शास्त्रीय नाव असते, तर शेजारच्या बांधीत युरिया किती पडला आणि लागवड किती दाट झाली, हे शेतकरी सांगू शकतो. जादा नत्र व दाट लागवड तुडतुड्यांना पोषक ठरते. त्यामुळे चर्चेसाठी दोन्ही माहिती लागतात.

सर्वच गोष्टी चर्चेवर सोडता येत नाहीत. कीटकनाशकाची मात्रा, लेबलवरील सूचना, संरक्षक कपडे, काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ या बाबी स्पष्टपणे सांगाव्यात. सिंथेटिक पायरेथ्रॉइडमुळे तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होऊ शकतो, हेही आधीच सांगितलेले बरे. दाणे भरण्याच्या अवस्थेत पातळी ओलांडलेली असून नैसर्गिक शत्रू दिसतच नसतील आणि गट तरीही थांबण्याचे ठरवीत असेल, तर प्रशिक्षकाने मौन सोडावे. शिकण्याची किंमत कोणाच्या पिकाने मोजावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार त्याला नाही. त्याचप्रमाणे साठ जणांच्या एकदिवसीय मेळाव्यात ही पद्धत बसवण्याचा अट्टहासही नसावा. तीन तासांत सहा किडी उरकण्यापेक्षा एका किडीवर एक निर्णय घडवणे श्रेयस्कर.

सत्र संपण्यापूर्वी प्रत्येक गटाने निर्णयाखाली आणखी एक आकडा लिहावा : किती तुडतुडे आणि किती कोळी दिसले तर आपण मत बदलू? तपासलेल्या चुडांशेजारी काठ्या रोवून ठेवाव्यात. पुढच्या आठवड्यात मोजणी त्याच चुडांवर होते आणि जुना कागद नव्या चित्राशेजारी टांगला जातो.