नावडतीचं मीठ

सिनेमा समजून घेताना : भाग ९

१९७५ या एकाच वर्षात दोन लांबलचक सिनेमे आले. मे महिन्यात कान महोत्सवात शँताल अकेरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘जान दिएलमन’ दाखवला गेला आणि १५ ऑगस्टला आपल्याकडे ‘शोले’ लागला. दोन्हींची लांबी तीन तास वीस मिनिटांच्या आसपास. ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं मुक्काम ठोकून होता. ‘जान दिएलमन’मध्ये ब्रसेल्समधली एक विधवा बटाटे सोलते, अंथरुणं आवरते, मुलाला जेवू घालते आणि दुपारी घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेते. २०२२ साली ‘साइट अँड साऊंड’ या ब्रिटिश मासिकाने आपला दर दहा वर्षांनी होणारा कौल जाहीर केला, तेव्हा सोळाशेहून अधिक समीक्षक-अभ्यासकांच्या मतांतून हाच सिनेमा पहिल्या क्रमांकावर आला.

ही यादी कशी तयार होते ते गेल्या भागात पाहिलं. आता यादीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या प्रेक्षकाचं बघू. तो मोठ्या उत्साहाने पहिल्या क्रमांकाचा सिनेमा लावतो, अर्ध्या तासात चुळबुळ सुरू होते, पाऊण तासात मोबाइल हातात येतो. मग तो स्वतःची समजूत दोनपैकी एका वाक्याने काढतो. ‘आपल्याला त्यातलं काही कळत नाही’ हे एक, आणि ‘हे सगळं थोतांड आहे’ हे दुसरं. दोन्ही वाक्यांत एक सोय आहे. पडद्यावर नेमकं काय खटकलं, ते शोधण्याचे कष्ट वाचतात.

थोरामोठ्यांची नाकं

नावाजलेला सिनेमा न आवडणाऱ्यांची रांग मोठी आहे आणि त्यात बरीच थोर मंडळी उभी आहेत. ‘साइट अँड साऊंड’च्या यादीत १९६२ ते २००२ अशी सलग पाच वेळा पहिली जागा अडवून बसलेला ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ (१९४१) घ्या. इंगमार बर्गमनला तो कंटाळवाणा वाटायचा आणि उतारवयातल्या एका मुलाखतीत त्याने तसं स्वच्छ सांगून टाकलं. अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याने तर सिनेमा आला त्याच वर्षी परीक्षण लिहिलं. त्याच्या मते हा मध्यच नसलेला चक्रव्यूह होता. सिनेमाचं ऐतिहासिक महत्त्व पुढे सगळे मान्य करतील, पण तो पुन्हा बघावा असं कुणाला वाटणार नाही, असं भाकीतही त्याने केलं.

भाकीत चुकलं. आजही लोक ‘केन’ पुन्हा पुन्हा बघतात. पण चक्रव्यूहाचं निरीक्षण टिकलं. केन या माणसाविषयी पाच जण पाच तऱ्हेने सांगतात आणि तरीही तो हाती लागत नाही, ही त्या सिनेमाची रचनाच आहे. बोर्हेसने तिच्यावर बरोबर बोट ठेवलं. त्याला जे खटकलं, तेच इतरांना भावलं. अशी नावड सिनेमाच्या चाहत्यालाही उपयोगी पडते.

एकच माणूस, दोन नावडी

फ्रान्स्वा त्रुफो हा पुढे मोठा दिग्दर्शक झाला, पण आधी तो समीक्षक होता आणि जहाल म्हणून बदनाम होता. जानेवारी १९५४ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, ‘काये द्यु सिनेमा’ या मासिकात त्याने एक लेख लिहिला. फ्रान्समध्ये त्या काळी ज्या सिनेमांना दर्जेदार म्हणून डोक्यावर घेतलं जाई, त्यांच्यावर तो तुटून पडला. नुसतं ‘भिकार’ म्हणून तो थांबला नाही. ओराँश आणि बोस्त या नामांकित पटकथालेखकांच्या जोडीचं काम त्याने हातात घेतलं. कादंबऱ्यांतले प्रसंग ते कसे बदलतात, सगळं संवादांवर कसं सोपवतात, मग दिग्दर्शकाला फक्त चित्रं लावायचं काम कसं उरतं, हे त्याने उदाहरणं देऊन मांडलं. सिनेमाचा खरा कर्ता दिग्दर्शक, हा विचार ‘काये’तल्या समीक्षकांच्या गटाने पुढे लावून धरला. हिचकॉकला केवळ रहस्यपटवाला न मानता कलावंत मानण्याची सुरुवातही याच मंडळींनी केली. १९५८ साली आला तेव्हा जेमतेम बरा म्हटला गेलेला त्याचा ‘व्हर्टिगो’ १९८२ मध्ये यादीच्या पहिल्या दहात आला आणि २०१२ मध्ये त्याने ‘केन’ला खाली ओढलं. त्यामागे ही काही दशकांची मशागत आहे. ज्या यादीचा धाक वाटतो, ती अशा कुणाच्या तरी जोरकस नावडीतूनच पालटत आलेली असते.

याच त्रुफोची दुसरी नावड बघा. १९५६ साली कानमध्ये सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ दाखवला गेला. तो त्रुफो अर्ध्यावर सोडून निघून गेला आणि हाताने जेवणारे शेतकरी आपल्याला बघायचे नाहीत अशा अर्थाचं काहीतरी बोलला, असं सांगितलं जातं. त्या महोत्सवात ‘पथेर पांचाली’ला मानवी दस्तऐवज म्हणून खास पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार बाजूला ठेवू. त्या सिनेमातलं कुटुंब शेतकऱ्याचं नाहीच. हरिहर हा पौरोहित्य करणारा, नाटकं लिहिण्याची स्वप्नं बघणारा गरीब ब्राह्मण आहे. पडद्यावर कोण आहे हेच ज्याने नीट पाहिलं नाही, त्याच्या मतातून आपल्याला सिनेमाविषयी काय कळणार? पहिल्या नावडीने फ्रेंच सिनेमाची दिशा बदलली, दुसरीचा फक्त किस्सा उरला. माणूस तोच होता. एका वेळी त्याने बघितलं होतं, दुसऱ्या वेळी नव्हतं.

कंटाळा नेमका कुठे येतो?

सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार कंटाळ्याची. तिची चेष्टा करू नये. अडीच-तीन तास माणूस खुर्चीत बसतो, त्याचा वेळ फुकट नसतो. पण कंटाळ्याचीही चौकशी करता येते.

‘जान दिएलमन’मध्ये तीन दिवस आहेत. कॅमेरा एका जागी ठेवलेला, पार्श्वसंगीत नाही, चेहरा जवळून दाखवणं जवळपास नाहीच. पहिल्या दिवशी जानची कामं आपण घड्याळासारखी चाललेली पाहतो. बटाटे वेळेवर शिजतात, खोलीतून निघताना दिवा बंद होतो, पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात पडतात आणि झाकण बसतं. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजून बिघडतात. भांडं हातात घेऊन ती घरभर फिरते, ते कुठे ओतावं हेच तिला सुचत नाही. सुपाच्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहतं. मग ती खाली जाऊन नवे बटाटे आणते आणि सोलायला बसते. पहिला दिवस ज्याने कंटाळत का होईना पाहिला, त्याला ते उघडं भांडं बघून धस्स होतं. ज्याने तो पुढे ढकलत पाहिला, त्याला फक्त एक बाई बटाटे सोलताना दिसते. शेवटी काय होतं ते इथे सांगत नाही, पण त्याची तयारी या बटाट्यांतच झालेली असते.

आता ‘शोले’कडे या. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग आठवा. झोपाळ्याची करकर, माळरानावरची भर दुपार, एकेक माणूस पडतो. शेवटी लहान मुलगा आणि त्याच्यासमोर गब्बर. बंदूक रोखली जाते आणि पुढच्याच क्षणी आपण रेल्वेजवळ असतो. ठाकूर गावी परततोय. मुलाचा मृत्यू पडद्यावर येतच नाही, आपण तो मनात पुरा करतो. एम. एस. शिंदे यांचं हे संकलन. त्या वर्षी ‘शोले’ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

दोन्ही सिनेमे प्रेक्षकाकडून काम करून घेतात. ‘शोले’ ते क्षणात उरकून घेतो, ‘जान दिएलमन’ तीन तास राबवतो. ज्याला दुसरा सोसवत नाही त्याने खुशाल तसं म्हणावं. फक्त ‘काहीच घडत नाही’ असं म्हणू नये, कारण ते खरं नाही. ‘जे घडतं त्यासाठी एवढा वेळ मला जास्त वाटला’ असं म्हणावं. या वाक्यावर वाद घालता येतो.

उलट बाजूनेही हेच. ‘शोले’ न आवडणारेही आहेत आणि सुरुवातीला तर समीक्षकांतच ते बरेच होते. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) किंवा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) आधी पाहिलेल्याला उसनवारी दिसते. जेलर आणि सूरमा भोपालीचे विनोदी प्रसंग कथेला खीळ घालतात, असंही कुणी म्हणेल. ही रास्त मतं आहेत. ‘शोले’वर बोट ठेवणाऱ्याला आपल्याकडे लोक वेड्यात काढतात, तेव्हा तेही ‘तुला कळत नाही’चीच देशी आवृत्ती वापरत असतात.

चोरीला गेलेलं नवेपण

नावडीचं दुसरं कारण सिनेमाच्या वयाचं. ‘केन’मध्ये एक दृश्य आहे. लहानगा चार्ल्स बर्फात खेळतोय. कॅमेरा मागे सरकत खिडकीतून घरात येतो, खोली ओलांडून टेबलापाशी पोचतो. तिथे त्याची आई त्याला बँकवाल्याच्या ताब्यात देण्याच्या कागदांवर सही करते. या सगळ्या वेळात, दूर खिडकीच्या चौकटीत, तो पोरगा खेळताना स्पष्ट दिसत राहतो. त्याचं आयुष्य त्याच्या पाठीमागे ठरतंय आणि त्याला पत्ता नाही. छायालेखक ग्रेग टोलंडने जवळचं आणि लांबचं एकाच वेळी इतकं रेखीव ठेवलं, म्हणून हे एका चौकटीत सांगता आलं.

हे तंत्र वेल्सने शोधलं नव्हतं, पण इतक्या हट्टाने वापरलं की पुढे ते सगळ्यांचं झालं. मृत्यूने सुरू होऊन आठवणींतून उलगडणारी गोष्टही आता मालिकांतसुद्धा रोज दिसते. नक्कल आधी पाहिलेल्याला मूळ शिळं वाटतं. इथे थोडी माहिती कामाला येते, पण तिने प्रेम उत्पन्न होत नाही. एखाद्या गोष्टीचं महत्त्व पटणं आणि ती आवडणं यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. ‘केन’ महत्त्वाचा आहे, पण मला भिडला नाही, असं म्हणताना ओशाळायचं कारण नाही.

पटत नाही, म्हणून आवडत नाही

तिसरं कारण मूल्यांचं. ‘व्हर्टिगो’त नायक एका बाईला तिचे कपडे, केस, सगळं बदलायला लावतो, गेलेल्या प्रेयसीसारखं दिसण्यासाठी. आजच्या प्रेक्षकाला, विशेषतः स्त्रियांना, हे बघवत नाही. शांतारामबापूंच्या ‘पिंजरा’त (१९७२) आदर्श मास्तर तमाशातल्या बाईपायी घसरतो. त्याचं मूळ १९३० च्या जर्मन ‘ब्लू एंजल’मध्ये आहे. गाणी आणि डॉ. लागूंचा अभिनय मान्य करूनही, पुरुषाच्या पतनाचं खापर तमासगिरीणीवर का, असं कुणी विचारू शकतं. विचारावंच.

मात्र आक्षेप घेताना सिनेमाची बाजू ऐकून घ्यावी. ‘व्हर्टिगो’त हिचकॉक रहस्य शेवटपर्यंत राखत नाही. बराच भाग शिल्लक असतानाच तो त्या बाईचं, म्हणजे जूडीचं, गुपित प्रेक्षकाला सांगून टाकतो. त्यामुळे पुढची जबरदस्ती आपण नायकाच्या बरोबरीने नव्हे, तिच्या बाजूने पाहतो. एवढं लक्षात घेऊनही अंगावर काटा येत असेल, तर तो आक्षेप पक्का. नर्गिस राज्यसभेत गेल्यावर त्यांनी राय यांच्यावर भारताचं दारिद्र्य परदेशात विकल्याचा ठपका ठेवला होता. तोही मूल्यांचाच आक्षेप, पण तो सिनेमाच्या कोणत्याही दृश्यापर्यंत पोचला नाही. ‘पथेर पांचाली’तल्या सर्वजया आणि दुर्गा या मायलेकींत राय यांनी किती आणि काय दाखवलं, हा प्रश्न त्यात सुटून गेला.

बघणाऱ्यासाठी

नावडतीचं मीठ अळणी, ही म्हण सिनेमालाही लागू पडते. एकदा मन उठलं की संगीत, अभिनय, प्रकाश, सगळंच बेचव लागतं. म्हणून नावडलेल्या सिनेमातून बाहेर आल्यावर एक काम करा. मन नेमक्या कोणत्या दृश्यात उठलं ते आठवा आणि तेवढं दृश्य पुन्हा बघा. लय खटकली, जुनेपण खटकलं की विचार खटकला, ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. तरीही नाही आवडलं तर विषय मिटला. आयुष्यात बघण्यासारखं इतर पुष्कळ आहे. चित्रपट मंडळांच्या खेळांनंतर गप्पा होतात, तिथे गप्प बसू नका. ‘मला नाही आवडला’ म्हणा आणि लगेच दृश्य सांगा. समोरच्या भक्ताला उत्तर द्यावंच लागेल आणि त्यात दोघांचाही सिनेमा थोडा अधिक पाहून होईल.

‘साइट अँड साऊंड’चा पुढचा कौल २०३२ मध्ये अपेक्षित आहे. १९५२ च्या पहिल्या कौलात अव्वल ठरलेला ‘बायसिकल थीव्ज’ २०२२ मध्ये पहिल्या तिसांतही नव्हता. त्यामुळे यादीपुढे मान तुकवण्याची घाई नको, आणि ती फाडण्याचीही नको.

पुढच्या भागात : पार्श्वसंगीत काढून टाकलं तर सिनेमात काय उरतं?