गाडी पुढून कां बसते?

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या मुलांनीं बर्फ पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. असें असतां यंदाच्या हिंवाळ्यांत नववीच्या वर्गाचा सबंध एक तास बर्फांत चालणाऱ्या मालमोटारीविषयीं बोलण्यांत गेला. कारण झाला तो आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी. तो काश्मिरांत सोनमर्गच्या बाजूस एका कंत्राटदाराच्या मालमोटारीवर चालक आहे आणि त्याचा धाकटा भाऊ नववींत शिकतो. थोरल्यानें मोबाईलवर गाडीचें एक छायाचित्र पाठविलें व खालीं लिहिलें, "गाडी पुढून बसली आहे. मालक म्हणतो, एक पाटा वाढव. सरांना विचारून सांग, वाढवूं काय?"

सरांचें मोटारीचें ज्ञान पुस्तकापुरतें. तेव्हां उत्तर देण्यापूर्वीं मी त्या मुलास घेऊन निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरींत एका कमानीच्या मिस्त्रींकडे गेलों. पुढें जें सांगणार आहें त्यांतील अर्धें भौतिकशास्त्र आहे आणि अर्धें त्या मिस्त्रींचें आहे. त्यांच्या अर्ध्याची किंमत मी अधिक समजतों.

प्रथम त्या रस्त्याविषयीं थोडें. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता सोनमर्गच्या पुढें झोजी ला नांवाच्या सुमारें ११,५०० फूट उंचीच्या खिंडींतून जातो. तेथील बर्फ दूर करून द्रास-कारगिलकडील वाट मोकळी करण्याचें काम सीमा सडक संघटना करिते. ७ मे १९६० रोजीं स्थापन झालेल्या ह्या संघटनेच्या ग्रेफ दलाचें केंद्र आपल्या शेजारीं, आळंदी रस्त्यावर दिघी कॅम्पांत आहे. दलांत भरती होणारे चालक व मिस्त्री प्रथम तेथें येतात, हें पुष्कळ पालकांस ठाऊक असेल. खिंडींतील मोठें काम डोझर आणि बर्फ कापून दूर फेकणारीं यंत्रें करितात. जेथें बर्फ बेताचा असतो तेथें साध्या मालमोटारीच्या तोंडाशीं एक वांकडा पोलादी फाळ बांधला म्हणजे भागतें; अमेरिका, कॅनडा व युरोप ह्या देशांत ही रीत फार आहे. २०२५ च्या जानेवारींत सोनमर्गचा बोगदा खुला झाल्यापासून त्या गांवची वाहतूक हिंवाळ्यांतही चालूं राहते. आमच्या विद्यार्थ्याच्या मालकानें असाच एक फाळ करवून घेऊन गाडीस लावला होता.

आतां कमान पाहूं. लांब-आखूड पोलादी पाट्यांची ती एक जुडी असते. टांग्याला आणि बग्गीलाही ह्याच जातीच्या कमानी असत. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांस डोळे वळविलेले असतात. एक डोळा चासीला पक्क्या खिळीनें बसवितात आणि दुसरा शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यानें, कारण कमान दबली कीं सपाट होऊन लांबीनें वाढते व त्या वाढीस जागा लागते. सर्व पाटे मधोमध एका बोल्टानें ओवून यू-बोल्टांनीं आंसावर आवळलेले असतात. चाक खड्ड्यांत गेलें तरी चासीस हिसका कमी बसावा हें तिचें काम. चाकण-तळेगांव रस्त्यानें मालमोटारींतून एकदां प्रवास केलेल्यास हें काम किती मोठें आहे तें निराळें सांगावयास नको.

"कमान दबली" आणि "कमान बसली" ह्या दोन बोलांत मिस्त्रींनीं जो भेद सांगितला, तोच ह्या प्रश्नाची किल्ली आहे. रॉबर्ट हूक ह्यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम तुम्हीं प्रयोगशाळेंत वजनें टांगून पडताळिला आहे: जितका भार, तितकें दबणें, भार काढला कीं वस्तु पूर्ववत्. परंतु ह्या नियमास मर्यादा आहे. ती ओलांडून पोलाद वांकविलें, किंवा वर्षानुवर्षें मर्यादेच्या अगदीं काठावर लक्षावधि वेळां हालविलें, तर तें पहिल्या आकाराकडे पुरतें परत येत नाहीं, नाहीं तर त्यास बारीक चीर पडून पाटा मोडतो. भाराखालीं नमून पुन्हा उठते ती दबलेली कमान; भार काढल्यावरही उठत नाहीं ती बसलेली. दबलेली कमान निर्दोष असूं शकते. तेथें दोष भाराचा. बसलेल्या कमानीचा विचार वेगळा. दोहोंवर एकच औषध करणें म्हणजे ताप आणि मोडलेला पाय ह्यांवर एकच गोळी देणें होय.

मग भार किती? येथें फळ्यावर हिशेब मांडला. फाळ ६०० किलोचा धरा, म्हणजे पुढच्या आंसावर ६०० किलो वाढले, असें सर्व वर्गानें एका आवाजांत सांगितलें. तें चूक आहे. फाळ पुढच्या आंसावर बसलेला नसून त्याच्याही पुढें लोंबकळत असतो. पुढच्या व मागच्या आंसांत ४ मीटर अंतर आहे आणि फाळाचा गुरुत्वमध्य पुढच्या आंसाच्या १.५ मीटर पुढें आहे असें समजा. तर मागच्या आंसाभोंवतीं तरफेचा नियम लावल्यास पुढच्या आंसावर ६०० × ५.५ ÷ ४, म्हणजे ८२५ किलो भार वाढतो. वरचे २२५ किलो कोठून आले? ते मागच्या आंसावरून उचलले गेले. खेळाच्या मैदानांतील झोक्याच्या फळीवर धष्टपुष्ट मुलगा अगदीं टोकास बसला म्हणजे समोरचा उचलला जातो, तसेंच हें आहे. बहुतेक मालमोटारींत इंजिनाचें बळ मागच्या चाकांस जातें, आणि निसरड्या बर्फावर पकड हवी असते ती नेमकी त्यांनाच. त्यांचाच भार घटला, तर उतरणीवर गाडी मागून घसरते. म्हणून नाक खालीं गेलें हा नुसता दिसण्याचा दोष नाहीं. दिवे जवळच्या जमिनीवर पडतात, सुकाणूं जड होतें, कमान रबरी ठोकळ्यावर आदळूं लागते. आणि घाटांत ह्यांपैकीं एकही गोष्ट क्षुल्लक नसते.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला नवी होती. फाळ काम करीत असतो तेव्हां त्याचें बरेंचसें वजन जमिनीवर टेकलेलें असतें. कमानीचा खरा छळ होतो तो फाळ उचलून गाडी रिकामी पळविली जाते तेव्हां. त्या वेळीं एक खड्डा लागला कीं तोच भार क्षणभर दुप्पट होऊं शकतो. फाळ उचललेला असतां गाडी हळूं चालविणें ह्यास कांहीं खर्च येत नाहीं. कदाचित् म्हणूनच हा उपाय कोणी करीत नाहीं.

आतां मालकाच्या सल्ल्याकडे वळूं. आठ सारख्या पाट्यांच्या कमानींत नववा वाढविला तर ताठपणा फार तर अष्टमांशानें वाढेल. जाड पाटा घातला तर मात्र गोष्ट निराळी, कारण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो: १० मिलिमीटरच्या जागीं १२ मिलिमीटरचा पाटा जवळजवळ पावणेदोनपट ताठ. हें ऐकून एका मुलानें लगेच सुचविलें, "मग एकच जाड पाटा घालावा!" मिस्त्रींनीं कोपऱ्यांतील मोडक्या पाट्यांच्या ढिगाकडे बोट दाखविलें होतें, तें मला आठवलें. सारखेंच वांकविलें असतां जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण अधिक पडतो. जुन्या पातळ सोबत्यांत तो एकटा घुसविला कीं मोडतोही तोच आधीं. शिवाय पाटे वाढले कीं यू-बोल्ट आंखूड पडतात, आणि जेमतेम धरलेली नट सुटते. सर्वांत महत्त्वाचें असें कीं, कमान बळकट केल्यानें आंस, टायर व ब्रेक बळकट होत नाहींत. कारखानदारानें पुढच्या आंसावर किती भार घालावा हें ठरवून दिलेलें असतें. तो आंकडा पाटा वाढवून बदलत नाहीं. नाक वर आलें म्हणजे डोळ्यांस समाधान वाटतें, पण मागचीं चाकें होतीं तितकींच हलकीं राहतात.

म्हणून आधीं भाराची व्यवस्था करावी. फाळ अर्धा मीटर जवळ घेतां आला तर वरच्या हिशेबांतील ८२५ चे ७५० होतात. मागच्या आंसाच्या १ मीटर मागें ५०० किलो वाळूचीं पोतीं पक्कीं बांधलीं तर पुढचे आणखी १२५ किलो उतरतात आणि मागच्या चाकांस पकड मिळते. उरले ६२५. अर्थात् गाडीचा एकूण भार मर्यादेंत राहिला पाहिजे. बर्फ नसेल त्या दिवसांत फाळ काढून ठेवावा, हें तर उघडच आहे.

कमान खरोखरच बसली असेल तर ती भट्टींत तापवून, घणानें पुन्हा गोलाई देऊन बसविणारे पुष्कळ आहेत. मिस्त्रींचे वडील तेंच काम करीत. पण ह्या पोलादास सुमारें ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलांत विझवावें लागतें व मग पुन्हा चारशें ते पांचशें अंशांच्या आंचेवर त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. नुसत्या नजरेनें लाल रंग पाहून हें साधेलच असें नाहीं. पाणी कमी बसलें तर कमान थोड्याच दिवसांत पुन्हा बसते. अधिक बसलें तर कांचेसारखी तुटते. "घाटांत जाणाऱ्या गाडीला मी नवाच पाटा देतों," असें ते म्हणाले, आणि तोही दोन्ही बाजूंस एकाच वेळीं. एक बाजू नवी व एक जुनी ठेवली तर गाडी तिरकी उभी राहते. नवे यू-बोल्ट गाडी कांहीं अंतर चालल्यावर पुन्हा एकदां आवळावयाचे, हेंही त्यांनीं दोनदां सांगितलें.

धाकट्यानें थोरल्यास उत्तर लिहिलें तें असें: गाडी सपाट जागीं उभी कर, दोन्ही टायरांत हवा सारखी भर, फाळ उचलून आंसापासून चासीपर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस मोज, मग फाळ काढून, गाडी थोडी पुढें-मागें हालवून पुन्हा मोज, पाटा तोंपर्यंत वाढवूं नकोस.

चार दिवसांनीं आंकडे आले. फाळ काढल्यावर उजवी बाजू दोन सेंटिमीटर उठली होती, डावी जेमतेम अर्धा. चिखल खरवडून पाहतां डाव्या कमानींतील तिसरा पाटा मधल्या बोल्टाजवळ आरपार मोडलेला आढळला. वर नववा पाटा चढविला असता तर तो त्याखालीं झांकून गेला असता.