समेच्या आधी

गेल्या कोजागरीला आमच्या शेजारच्या वाड्यात, चौकात जाजम अंथरून, गाण्याची बैठक झाली. गाणारी माझीच विद्यार्थिनी होती. बंदिशीचे तोंड घेऊन ती पहिल्यांदा समेवर आली तशी श्रोत्यांतून पंधरा-वीस मोबाइल वर झाले. मी खांबाला टेकून माझा जुना ऑलिंपस ओएम-1 कॅमेरा मांडीवर घेऊन बसलो होतो. मसाल्याचे दूध फिरत असताना एका तरुणाने विचारले, "सर, ह्यात रोल घालावा लागतो ना? अजून मिळतो?" मिळतो, मी म्हटले. महाग मिळतो, पण मिळतो. "मग आता काढलेला फोटो दिसणार कधी?" छत्तीस पुरे झाले की. बहुधा दिवाळीनंतर. त्याने अदबीने मान हलविली. पण एखाद्याच्या घरी अजून रॉकेलचा स्टोव्ह पाहावा तशी त्याची नजर झाली होती.

त्याला मी तिथे काही सांगितले नाही. दूध निवत होते आणि दुसरा राग लागायचा होता. म्हणून येथे लिहितो.

आमचे वडील, नाना, तबलजी होते. 1945 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात रुजू झाले. तरुण वाचकांना हे नाव चमत्कारिक वाटेल. गवई, बजवय्ये, नर्तकी अशा सर्व गुणीजनांचे ते दरबारी खाते. फैयाज खाँसाहेब ह्याच दरबारचे गवई. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि नानांची दरबारी चाकरी चार वर्षांत आटोपली. पुढे आयुष्यभर त्यांनी शिकवण्या केल्या. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना मी झालो, म्हणून दरबार मी पाहिला तो केवळ त्यांच्या बोलण्यातून आणि भिंतीवरच्या एका फोटोतून. त्या फोटोत चौतीस माणसे आहेत. नाना मागच्या रांगेत, पगडी घालून, उजवीकडून तिसरे. तबला नाही, डग्गा नाही, आणि हात पुढच्या माणसाच्या पाठीआड गेलेले. ज्या हातांसाठी संस्थानाने त्यांना ठेवून घेतले ते हातच त्या फोटोत नाहीत.

वाजवताना मात्र ते फोटो काढू देत नसत. फ्लॅशचा त्यांना तिटकारा होता, आणि शटरच्या खटक्याचा त्याहून अधिक. विलंबितात दोन मात्रांच्या मधे जी मोकळी जागा असते तिच्यात कोणी खटका केला की, ते म्हणत, "माझ्या घरात न विचारता खिळा ठोकला."

1996 साली नानांचा एक जुना शिष्य लेस्टरहून आला आणि त्याने स्वतःचा वापरलेला ओएम-1 माझ्या हाती ठेवला. मी सोळा वर्षांचा होतो. नानांनी कॅमेरा हातात घेतला तो डोळ्याला लावण्याऐवजी कानाला लावला आणि मला म्हणाले, "दाब." मी दाबला. पुन्हा दाबायला लावला. मग म्हणाले, "आवाज लहान आहे. लाकडी आहे, पत्र्याचा नाही. हा बैठकीत बसला तरी चालेल."

हा लहान आवाज काही योगायोगाने आलेला नव्हता, हे मला पुष्कळ नंतर कळले. योशिहिसा मैतानी हे ह्या कॅमेऱ्याचे कर्ते. 1956 मध्ये ते ऑलिंपस कंपनीत लागले आणि एका रोलवर दुप्पट फोटो घेणारा चिमुकला 'पेन' कॅमेरा त्यांनी 1959 मध्ये काढला. त्या काळचे एसएलआर कॅमेरे मोठे, जड आणि खणखणीत आवाजाचे असत. मैतानींनी हे तिन्ही दोष एकदम हाती घेतले. 1972 मध्ये त्यांचा कॅमेरा 'एम-1' ह्या नावाने बाजारात आला. लायकाच्या कॅमेऱ्यांची नावेही 'एम' अक्षराने होत असल्याने तिकडून हरकत आली, आणि 1973 मध्ये त्याचे नाव 'ओएम-1' झाले. रुंदी 136 मिलीमीटर, उंची 83, आणि लेन्स काढली तर वजन सुमारे अर्धा किलो. आत आरसा आपटू नये म्हणून त्याला हवेची गादी दिलेली आहे. दार आपटू नये म्हणून दाराला लावतात तसा तो एक लहानसा दट्ट्या. नानांच्या कानाला जो 'लाकडी' आवाज लागला तो ह्या गादीचा आणि कापडी पडद्याच्या शटरचा.

नानांना त्याची आणखी एक गोष्ट फार आवडली. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरची गती ठरविण्याची चकती वर, उजव्या हाताशी असते. ओएम-1 मध्ये ती लेन्सच्या मुळाशी कड्यासारखी बसवली आहे. छिद्र लहानमोठे करण्याचे कडे लेन्सवर, फोकसचे कडेही लेन्सवर. म्हणजे सारे बारीक काम डाव्या हाताचे. उजव्याने फक्त लिव्हर ओढायचा आणि बटण दाबायचे. नाना म्हणाले, "हा डग्ग्याचा हिशेब आहे. लोक उजव्याकडे पाहतात आणि खरे काम डावा करतो." डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा कसा चढवायचा हे मी त्यांच्याकडे शिकत होतोच, त्याच महिन्यात न पाहता, बोटांच्या मोजणीवर, एकतिसांशाच्या जवळचे कडे फिरवायला शिकलो.

आता एसएलआरची जी मुख्य गंमत, तिच्याकडे येतो. लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरक्या आरशावर पडतो, तेथून वर दुधी काचेवर, तेथून पैलूदार काचेतून डोळ्याकडे. म्हणजे लेन्स जे पाहते तेच आपण पाहतो. परंतु फिल्म त्या आरशाच्या मागे आहे. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, मग पडदा उघडतो, प्रकाश फिल्मवर पडतो. पडदा मिटला की आरसा खाली. तेवढा वेळ डोळ्यापुढे काळोख. ज्या क्षणाचा फोटो निघतो नेमका तो क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही! आपल्याला दिसतो तो त्याच्या आधीचा आणि नंतरचा. फोटोत नीट आलेला क्षण डोळ्याने पाहिला असे कोणी म्हणाला, तर तो एसएलआरवाला नव्हे, असे खुशाल समजावे.

हे मी नानांना समजावून सांगितले तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटले नाही. "समेचे तसेच आहे," ते म्हणाले. "सम ऐकू आल्यावर हात टाकशील तर उशीर झालेला असेल. आमद ओळखायची. तिहाईचा पहिला तुकडा कानावर आला की शेवटचा 'धा' कुठे पडणार हे ठरलेलेच आहे. तू त्याच्या आधी निघ." त्यांनी मला फोटो काढण्याची परवानगी दिली ती एका अटीवर. खटका व्हायचा तो समेवर, त्यांच्या थापेच्या पोटात. दुसरीकडे ऐकू आला तर कॅमेरा कपाटात.

दोन वर्षे मी त्यांच्या रियाजात रोल न घालता नुसता कॅमेरा घेऊन बसलो. पहिल्या महिन्यात तो किती वेळा कपाटात गेला ते सांगत नाही. पण हळूहळू असे झाले की, खटका केल्याचे मला बोटाला कळे, कानाला कळत नसे.

मग 1998 च्या पावसाळ्यात, एका संध्याकाळी, ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल घातला. खोलीत साठचा एकच दिवा. छिद्र पूर्ण उघडे, गती एकतिसांश सेकंद. त्या रोलमधला एक फोटो आमच्याकडे आहे. नानांचा चेहरा स्वच्छ आला आहे, डावे मनगट डग्ग्यावर टेकलेले, त्याच्या शिरासुद्धा मोजाव्यात. आणि उजवा हात म्हणजे नुसता पांढुरका धूर. मला वाईट वाटले. नानांनी फोटो दिव्याशी नेऊन पाहिला. "हात हलला नाही तर तो तबला कसला? तो दरबारातला फोटो बघ, त्यात सगळे स्थिर आहेत."

पुढे नानांना ऐकू येणे कमी झाले. तबलजीला ह्याहून मोठे दुःख कोणते असेल? त्यांनी त्याविषयी कधी शब्द काढला नाही. फक्त तबला लावताना गठ्ठ्यांवर हातोडी ठोकून झाली की ते माझ्याकडे पाहत आणि मी मान हलवी. श्रवणयंत्र आले. येथे कॅमेऱ्याशी एक मौजेचा संबंध जुळला. ओएम-1 चा मीटर पाऱ्याच्या 1.35 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि तशा बॅटऱ्या पाऱ्याच्या विषारीपणामुळे बाजारातून गेल्या. शटरला बॅटरी लागत नाही, त्यामुळे कॅमेरा अडत नाही, पण मीटरचा काटा आडवा पडून राहतो. श्रवणयंत्राची 675 क्रमांकाची बॅटरी हवेवर चालते. वरचा कागद काढला की ती जागी होते आणि सुमारे 1.4 व्होल्ट देते. आकाराने थोडी लहान, म्हणून भोवती रबराचे कडे बसवावे लागते. तेव्हापासून आमच्या घरी एकाच पुडक्यातून एक बॅटरी नानांच्या कानाला आणि एक कॅमेऱ्याच्या डोळ्याला, अशी वाटणी होती.

2008 च्या गुरुपौर्णिमेला नाना शेवटचे जाहीर वाजवायला बसले. वय एकोणऐंशी. तीनताल, अर्धा तास, नगमा धरायला मी नव्हतो; दुसऱ्याला बसविले होते, कारण मला फोटो काढायचे होते. काढलेही. एकेका समेला एकेक. काळजीपूर्वक, आमद ओळखून. माझ्या मोजणीने छत्तीस झाले, सदतीस झाले, अडतीस झाले. तरी लिव्हर आरामात फिरतो आहे. माझ्या पोटात गोळा आला. घरी येऊन न्हाणीघरात अंधार करून मागचे दार उघडले. रोलची जीभ चाकाच्या खाचेतून निसटली होती. फिल्म जागची हललीच नव्हती. डावीकडची रोल गुंडाळण्याची किल्ली प्रत्येक ओढीबरोबर उलटी फिरते की नाही एवढे पाहिले असते तरी पहिल्याच फोटोला कळले असते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि मलाही ठाऊक होते.

नानांना दुसऱ्या दिवशी सांगितले. मोठ्याने सांगावे लागले, हे आणखी कठीण. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "किती समा घेतल्यास?" अडतीस, मी म्हणालो. "आणि त्या तुला दिसल्या नाहीत. आरसा वर होता." होय. "यंत्रालाही दिसल्या नाहीत." होय. ते हसू लागले. इतके, की डोळ्यांना पाणी आले. मला हसता आले नाही. अडतीस समांचे मुख आम्हा दोघांपैकी कोणीही पाहिले नव्हते, आणि मी नगमा धरायला बसलो असतो तर निदान अंगावर घेतल्या असत्या. त्या दिवसापासून माझा नियम आहे: एका बैठकीत सहा फोटो, सातवा नाही. बाकी वेळ कॅमेरा मांडीवर.

2011 मध्ये नाना गेले. उरलेले बॅटऱ्यांचे पुडके कॅमेऱ्याला काही महिने पुरले.

कॅमेरा अजून चांगला आहे, पण पन्नाशीच्या माणसासारखा. ह्या कॅमेऱ्यांत वरच्या काचेभोवती जो फोम लावलेला असतो तो कालांतराने डिंकासारखा होऊन काचेचा चांदीचा मुलामा खातो. माझ्या कॅमेऱ्यात एका कोपऱ्यात त्याचा काळा डाग दिसतो. तो फोम मी मुंबईच्या एका कारागिराकडून काढवून घेतला. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून तो तबल्याशेजारी, कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतो. एकाच हवेचे दोघे शत्रू. 2022 मध्ये ओएम-1 ह्याच नावाचा नवा डिजिटल कॅमेरा निघाला आहे. एका विद्यार्थ्याने आणून दाखविला. सुरेख आहे. त्यात आरसा नाही, आणि आवाज पूर्ण बंदही करता येतो. समेची वाट पाहण्याची त्याला गरज नाही. नानांनी तो कानाला लावून काय म्हटले असते, हे मात्र मला सांगता येत नाही.

कोजागरीच्या बैठकीतले सहाही फोटो समेवरचे आहेत. पाचवा द्रुताच्या तिहाईवर घेतला. त्या वेळी मुलीने डोळे मिटले होते की उघडे होते, ते मला ठाऊक नाही. तिची आई दोनदा विचारून गेली. दिवाळी झाली, तुळशीचे लग्नही झाले, रोलवर अजून चौदा बाकी आहेत. किल्ली फिरते आहे. पहिल्या फोटोलाच पाहिले.