लोट्यात सायकलवाले उलट्या बाजूने का जातात?

लोटे (ता. खेड) : पाळी सुटली की लोटे-परशुराम एमआयडीसीच्या फाट्यावर टँकर, कंपनीच्या बस आणि मोटारसायकलींची गर्दी होते. त्यातूनच हँडलला डबा अडकवलेला एखादा सायकलवाला महामार्गाच्या कडेने उलट्या दिशेने निघतो. बघणारे म्हणतात, याला नियम कळत नाही काय? नियम त्याला कळतो. तरी तो मोडतो, कारण त्याने हिशेब केलेला असतो.

पहिला हिशेब अंतराचा. मुंबई-गोवा महामार्ग दुपदरी होता तेव्हा कुठेही रस्ता ओलांडून डावी बाजू धरता यायची. चौपदरीकरणात मध्ये दुभाजक आला. आता समजा, घर रस्त्याच्या त्याच बाजूला, पण वाहतुकीच्या उलट दिशेला २०० मीटरवर आहे. नियमाने जायचं तर आधी एक किलोमीटर पुढचा कट गाठायचा, पलीकडून घराच्याही मागे जायचं आणि दुसऱ्या कटातून वळून यायचं. २०० मीटरचे अडीच-तीन किलोमीटर होतात. मोटारसायकलवाल्याला हे थोडं पेट्रोल. आठ तास उभं राहून काम केलेल्या माणसाला हा चढाव पायाने मारायचा असतो.

दुसरा हिशेब भीतीचा. "मागून येणारा ट्रक दिसत नाही, समोरचा दिसतो तरी," असं बरेच जण म्हणतात. पायी चालणाऱ्याला हे लागू आहे. फुटपाथ नसेल तर त्याने उजव्या कडेने, समोरची गाडी बघत चालावं. पण सायकल हे वाहन आहे. सायकल ताशी १५ आणि ट्रक ताशी ६० किलोमीटरने येत असेल, तर मागून येणारा ट्रक १०० मीटरचं अंतर ८ सेकंदांत तोडतो. समोरून येणारा ५ सेकंदही घेत नाही. शिवाय गावाच्या वाटेवरून महामार्गाला लागणारा ड्रायव्हर आधी उजवीकडे बघतो. डावीकडून सायकल येईल हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. पावसात, वळणावर, विनादिव्याची सायकल असेल तर विचारूच नका.

तिसरा हिशेब दंडाचा. सायकलला लायसन नाही, नंबर प्लेट नाही, मग ऑनलाइन चलन फाडणार कुणाच्या नावावर? उलट्या दिशेने मोटार चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्या वेळी १ ते ५ हजार रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. सायकल या कायद्यात मोटार वाहन नाही. पण म्हणून मोकळीक आहे असं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे चालवलेल्या कुठल्याही वाहनाला लागू होतं. त्यात सायकलही आली.

मग चूक कुणाची? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा व ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे रस्ता करणाराही जबाबदार असतो, हे कायद्याने मानलं आहे.

म्हणून लोटे, आवाशी, घाणेखुंट, धामणदेवी या गावांनी सायकलवाल्याला नुसतं बोल लावून भागणार नाही. सर्व्हिस रोड, पायी ओलांडायची जागा आणि फाट्यावरचे दिवे कुठे हवेत, याचा ग्रामसभेत ठराव करून तो महामार्ग विभागाला द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.

तोवर सायकलवाल्याने एवढं करावं. उलट्या बाजूला जायचंच असेल तर खाली उतरून, डांबराच्या बाहेरून सायकल ढकलत न्यावी. मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा लावावा. अपघात दिसला तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ लावावा. ढकलत नेताना पाच मिनिटं जास्त जातील, पण डबा घरी पोचेल.